जुन्या खेळण्यातील आगगाडीचे दूरनियंत्रण

मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींच्या मुलुखातून दोन निराळ्या जातींच्या आगगाड्या धावल्या. १९२३–२४ साली खुल्या झालेल्या नागपूर–इटारसी मार्गाचे १६७६ मिलिमीटर रुंदीचे ब्रॉडगेज रूळ पांढुर्ण्यावरून गेले आणि पुढे दिल्ली व मद्रास यांना जोडते झाले. आणि त्याच्याही आधी, बंगाल–नागपूर रेल्वेने सातपुड्याच्या प्रदेशात पसरलेल्या ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजची एक शाखा लोधीखेडा, सौंसर, रामाकोना अशी गावे घेत छिंदवाड्याच्या पठारावर चढून गेली होती. रुंदी निराळी, वेग निराळा, इंजिनांचे वजन निराळे. परंतु दोन्ही मार्गांवर हुकूम पोहोचविण्याची पद्धत मुळात एकच होती. इंजिनात एक जिवंत माणूस बसलेला असे, आणि स्टेशनमास्तर, गार्ड व सांधेवाला यांना जे सांगावयाचे ते सिग्नलच्या पात्याने, बावट्याने किंवा रात्रीच्या दिव्याने त्या माणसाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचविले की बाकीचे काम तो करी.

खेळण्यातील आगगाडीत हा माणूस नसतो. तिच्या इंजिनाच्या कोठडीत फार तर पत्र्यावर रंगविलेली एक आकृती असते, आणि म्हणून ते इंजिन चालावे, थांबावे, मागे फिरावे, त्याने शिट्टी वाजवावी, अशी इच्छा करणाऱ्या हाताला ती इच्छा निर्जीव लोखंडापर्यंत थेट नेण्याची काही तरी तजवीज करावी लागते. ही तजवीज शंभराहून अधिक वर्षे कशी बदलत गेली, आणि बदलता बदलता जुन्या इंजिनांना तिने आधी कसे अडगळीत लोटले व पुढे सन्मानाने परत कसे आणले, हा या लेखाचा विषय आहे.

जर्मनीतील गोपिंगेन गावच्या मेर्क्लिन कारखान्याने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत रूळ, सांधे आणि डबे यांचा संगतवार जोडता येईल असा संच मांडला, आणि ठराविक रुंदीच्या रुळांची वहिवाट तेथून रूढ झाली. त्या काळची बहुतेक इंजिने किल्लीची होती. इंग्लंडात लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली बाजारात आणलेल्या गाड्याही आरंभी किल्लीच्याच होत्या. किल्ली पिळून कमान आवळली, इंजिन रुळावर ठेवले आणि बोट सोडले, की धन्याचा अंमल तेथेच संपे. कमान उलगडेपर्यंत इंजिन आपल्या मनाचा राजा. रुळाच्या मध्ये बसविलेल्या खटक्याने इंजिनाच्या पोटाखालील दांडी ओढून त्यास थांबविता किंवा उलटे फिरविता येई, पण त्यासाठी गाडी त्या खटक्यापाशी येण्याची वाट पाहावी लागे.

विजेने ही स्थिती पालटली. न्यूयॉर्कच्या जोशुआ लायनेल कोवेन यांनी १९०० साली विजेवर चालणारा एक गाडा केला, तो वस्तुतः दुकानाच्या काचेआड माल मिरविण्यासाठी. पण गिऱ्हाइकांचे लक्ष मालापेक्षा गाड्याकडे गेले आणि त्यांच्या ‘लायनेल’ या पेढीचा धंदा खेळण्यांकडे वळला. तीन रुळांची पद्धत त्यांनी स्वीकारली: बाहेरचे दोन रूळ एका ध्रुवाचे, मधला दुसऱ्या ध्रुवाचा. घरातील विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने उतरवून रुळांत सोडावयाचा आणि ट्रान्सफॉर्मरची मूठ फिरवून तो कमी-अधिक करावयाचा, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-अधिक होतो. आता धन्याची सत्ता गाडी धावत असतानाही चालू लागली. मात्र ज्या रुळांतून शक्ती जाते त्याच रुळांतून हुकूमही जावयाचा असल्याने, या दोहोंना एकमेकांपासून वेगळे कसे करावे, हा प्रश्न त्याच क्षणी जन्मास आला, आणि पुढील साऱ्या इतिहासाचे बीज त्या प्रश्नात आहे.

त्यावरील पहिली उत्तरे मोठी कल्पक होती. इंजिनात विद्युच्चुंबकाने सरकणारा एक लहानसा ढोल बसविण्यात आला. प्रवाह क्षणभर तोडून पुन्हा सोडला की तो ढोल एक घर पुढे जाई, आणि पुढे जाणे, उभे राहणे, मागे जाणे, पुन्हा उभे राहणे अशा चार अवस्था क्रमाने येत. म्हणजे प्रवाहाच्या अभावालाच येथे हुकुमाचा अर्थ देण्यात आला. १९३५ साली लायनेलने शिट्टीची जी योजना केली ती याहूनही सूक्ष्म आहे. रुळांत प्रत्यावर्ती प्रवाह खेळत असे. बटण दाबल्यावर त्यात थोडा दिष्ट प्रवाह मिसळे. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागील कोळशाच्या डब्यात, बसविलेला रिले केवळ त्या दिष्ट प्रवाहालाच ओळख देई आणि शिट्टीची मोटर सुरू करी. रुळांतून शक्ती जात असतानाच तिच्या जोडीने एक निराळा निरोप पाठविता येतो, हे या योजनेने सिद्ध केले. आणि माझ्या मते या विषयातील खरा वैचारिक टप्पा तोच आहे, पुढची रेडिओची सारी प्रगती हा त्याचा विस्तार होय.

तरीही एक अडचण सुटली नव्हती. एका रुळावर दोन इंजिने ठेवली तर दोघांनाही तोच दाब मिळे, दोघेही एकदमच चालत व एकदमच थांबत. म्हणून हौशी मंडळी मार्गाचे तुकडे पाडीत, प्रत्येक तुकडा निराळ्या तारेने जोडीत आणि खटक्यांच्या पाटीपुढे बसून गाडी जसजशी पुढे जाईल तसतसे तुकडे एका मुठीकडून दुसऱ्या मुठीकडे सोपवीत. १९४८ साली लायनेलने काढलेला ‘झेडडब्ल्यू’ नावाचा भक्कम ट्रान्सफॉर्मर एकाच वेळी चार स्वतंत्र मार्ग सांभाळू शके, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या मुठी आजही जुन्या संग्राहकांच्या प्रेमाचा विषय आहेत. पण हात ट्रान्सफॉर्मरपाशी बांधलेला राही. गाडी खोलीच्या दुसऱ्या टोकाला रुळावरून घसरली तर मूठ सोडूनच तिकडे धावावे लागे.

तारेवाचून हुकूम पाठविण्याची विद्या मात्र एव्हाना नवी राहिली नव्हती. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युत्-लहरी भिंतीपार पाठवून दूरची घंटा वाजविली आणि दारू पेटवून दाखविली. १८९८ साली निकोला टेस्ला यांनी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात पाण्याच्या हौदात एक छोटी नाव दुरून हाकली. या दोन प्रयोगांनंतर अर्ध्या शतकाने, दुसरे महायुद्ध संपताच, रेडिओची ही विद्या खेळण्यातील आगगाडीच्या दारी आली.

१९४६ साली लायनेलने ‘इलेक्ट्रॉनिक कंट्रोल’ या नावाचा संच विक्रीस काढला. त्यात दहा बटणांची एक पेटी असे आणि प्रत्येक बटणाची लहर निराळी असे. इंजिनाच्या टेंडरमध्ये व डब्यांत त्या त्या लहरीपुरता कान देणारे ग्राहक यंत्र बसविलेले असे. कोणते बटण कोणत्या डब्याचे हे कळावे म्हणून दोहोंवर एकाच रंगाची खूण असे. धावत्या गाडीतील एखादा डबा हवा तेथे सोडून द्यावा, दुसऱ्यातील कोळसा ओतावा, इंजिन मागे घ्यावे, हे सारे एका जागी बसून होत असे. कल्पना तिच्या काळाच्या फार पुढची होती, आणि तिच्या अपयशाचे कारणही तेच. ग्राहक यंत्रे नाजूक होती, त्यांची जुळणी बिघडे, संच महाग पडे. १९४९ नंतर तो बंद झाला.

पुढील चाळीस वर्षांचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येईल. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॅक’ नावाची, एकाच मार्गावरील पाच इंजिनांना निरनिराळे हुकूम देणारी पद्धत आणली. १९७९ साली हॉर्नबीने ‘झिरो वन’ काढली. तीत सोळा इंजिने चालविता येत आणि मुख्य पेटीला तारेने जोडलेला, हातात धरावयाचा दुय्यम नियंत्रकही मिळे. मेर्क्लिनची अंकीय पद्धत १९८५ साली आली. जर्मनीच्या लेंझ या पेढीने विकसित केलेल्या पद्धतीच्या पायावर अमेरिकेच्या राष्ट्रीय मॉडेल रेल्वे संघाने १९९४ साली सर्वांसाठी एक समान प्रमाण ठरवून दिले, जे आज ‘डीसीसी’ या नावाने जगभर चालते. या पद्धतीत रुळांत पूर्ण दाब सदैव उभा असतो आणि त्याच्यातच हुकुमाचे अंक गुंफलेले असतात. शाळेत हजेरीच्या वेळी गुरुजींचा आवाज वर्गातील सर्वांच्या कानी पडतो पण ‘हजर’ म्हणतो तो ज्याचे नाव घेतले तो एकटाच, त्याप्रमाणे प्रत्येक इंजिनाच्या पोटातील, हे अंक वाचणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चकतीला स्वतःचा क्रमांक ठाऊक असतो आणि ती तेवढ्याच हुकुमास जागते.

येथे जुन्या इंजिनांवर जो प्रसंग ओढवला त्याकडे लक्ष देणे अवश्य आहे. ज्याच्या पोटात ही चकती नाही त्याला नव्या राज्यात जवळजवळ थारा नव्हता. डीसीसीत ‘शून्य’ क्रमांकावर एक बिनचकतीचे इंजिन चालविण्याची सोय काही पेढ्यांनी ठेवली खरी. पण उभे असताना त्याची मोटर सतत गुणगुणते, तापते, आणि फार वेळ तशीच ठेवली तर जळूही शकते. चकती बसवावयाची म्हटले, तर जुन्या इंजिनांत मोटरचा एक ध्रुव बहुधा लोखंडी सांगाड्यालाच जोडलेला असतो. तो आधी अलग करावा लागतो, त्यासाठी मोटर उकलावी, कधी सांगाडा कापावा लागतो. वडिलांनी मुलास दिलेले, चाळीस वर्षे जपलेले इंजिन कोण कापील? अनेकांनी ती इंजिने कापली नाहीत, कपाटात ठेवली. त्यांचे धावणे तेवढे थांबले.

या इंजिनांना रुळावर परत आणणारी घटना घडली ती एका बापाच्या गरजेतून, आणि तो बाप धंद्याने खेळणीवाला नव्हता. नील यंग हे कॅनडात जन्मलेले विख्यात गायक आणि गीतकार. लहानपणी, १९५१ साली, त्यांना स्वतःला पोलिओ झाला होता. त्यांचा एक मुलगा जन्मतःच सेरेब्रल पाल्सीने ग्रस्त होता. त्याला बोलता येत नसे, हातापायांवर ताबा नसे. अशा मुलांच्या शिक्षणासाठी कॅलिफोर्नियात १९८६ साली निघालेल्या ‘ब्रिज स्कूल’च्या संस्थापकांत मुलाची आई पेगी यंग होत्या, आणि त्या शाळेच्या निधीसाठी नील यंग यांनी वर्षानुवर्षे जलसे केले. ते स्वतः लायनेलच्या जुन्या गाड्यांचे संग्राहक. आपल्या वाडीवरील एका कोठारात त्यांनी झाडांचे बुंधे व जिवंत रोपटी यांच्यामधून रुळांचे मोठे जाळे पसरले होते. पण ज्याच्यासाठी ते पसरले त्या मुलाच्या बोटांना ट्रान्सफॉर्मरची मूठ धरता येत नव्हती, लहान बटण दाबता येत नव्हते. गाडी समोर धावत होती आणि मुलगा ती केवळ पाहू शकत होता.

यंग यांनी आधी त्याच्यासाठी एक मोठे बटण तयार करविले, जे हाताच्या किंवा डोक्याच्या ढोबळ हालचालीनेही दाबले जाईल. त्या एका बटणामागून प्रश्नांची मालिका आली: बटणाचा हुकूम तारेशिवाय कसा न्यावा, एका बटणाने वेग आणि दिशा दोन्ही कशा सांगाव्या, बापलेकांनी दोन गाड्या एकत्र कशा चालवाव्या. या प्रश्नांची उत्तरे शोधताना त्यांची गाठ रिचर्ड कून यांच्याशी पडली. डेट्रॉइटचे हे उद्योजक स्वतः संग्राहक होते, आणि उतरती कळा लागून अनेकांच्या हाती गेलेली लायनेल पेढी त्यांनी १९८६ साली विकत घेतली होती. दोघांनी मिळून संशोधनासाठी निराळी संस्था काढली. आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘ट्रेनमास्टर’ पद्धत बाजारात आली. १९९५ साली कून यांच्याकडून लायनेल विकत घेणाऱ्या भांडवलदारांत खुद्द नील यंगही भागीदार होते.

ट्रेनमास्टरचा ‘कॅब-वन’ हा नियंत्रक हातात मावणारा, बिनतारी, वर तांबड्या रंगाचे गोल फिरते बटण असलेला. नव्या इंजिनांसाठी त्याची योजना अशी होती की हातातील नियंत्रक रेडिओच्या लहरीने एका ठाण्याला हुकूम देई. ते ठाणे केवळ एका तारेने बाहेरच्या रुळाला जोडलेले असे. रुळाभोवती ४५५ किलोहर्ट्झ लहरीचे जे क्षेत्र उभे राही ते इंजिनातील अँटेना ओळखी. हे सारे विलक्षणच. परंतु मला त्याहून अधिक मोलाची वाटते ती त्याच पद्धतीतील ‘पॉवरमास्टर’ नावाची साधी पेटी, जी जुन्या इंजिनांसाठी निर्माण झाली. ती ट्रान्सफॉर्मर आणि रूळ यांच्या मध्ये बसते. ट्रान्सफॉर्मर पूर्ण दाबावर ठेवून द्यावयाचा. तांबडे बटण फिरविले की पेटी रुळातील दाब कमी-अधिक करते. दिशेचे बटण दाबले की प्रवाह क्षणभर तोडते. शिट्टीचे बटण दाबले की प्रवाहात दिष्ट अंश मिसळते. म्हणजे इंजिनाला जी भाषा १९३५ साली शिकविली होती त्याच भाषेत ही पेटी त्याच्याशी बोलते. इंजिनात काहीही बसवावे लागत नाही, त्याचा एक स्क्रूही उघडावा लागत नाही. युद्धापूर्वीचे इंजिन, कारखान्यातून निघाले तसेच, हातातील बिनतारी नियंत्रकाला जागू लागले. आणि धनी गाडीबरोबर खोलीभर चालू लागला.

या योजनेच्या मर्यादा स्पष्ट आहेत आणि त्या सांगितल्याच पाहिजेत. पॉवरमास्टर रुळावर हुकमत चालवितो, इंजिनावर नव्हे. म्हणून एका मार्गावर दोन जुनी इंजिने ठेवली तर ती पूर्वीप्रमाणेच जोडीने चालतील. जुन्या ट्रान्सफॉर्मरवर काम करताना संरक्षक खटकाही निराळा बसवावा लागतो, कारण शॉर्टसर्किट झाल्यास पेटीतील नाजूक भाग जुन्या लोखंडी यंत्राइतका तग धरीत नाहीत. शिवाय तीन रुळांच्या गाड्यांत प्रत्येक कारखान्याने आपापली पद्धत काढली आणि एकाचा नियंत्रक सहसा दुसऱ्याच्या कामी आला नाही. खुद्द लायनेलने २००८ च्या सुमारास ‘लेगसी’ ही पुढची पिढी आणली, त्यानंतर मोबाइल फोनवरून चालणारी इंजिने आली, आणि जुन्या इंजिनांना वाचविण्यासाठी केलेला कॅब-वन स्वतःच जुना झाला. सत्तर-ऐंशी वर्षांचे इंजिन तेल दिले की धावते, आणि तीस वर्षांच्या नियंत्रकाला सुटा भाग मिळत नाही, असा अनुभव आता संग्राहकांना येतो. इंजिनाच्या पोटात हात न घालण्याचे शहाणपण येथेच पटते, कारण बाहेरची पेटी बदलता येते, कापलेला सांगाडा पुन्हा जोडता येत नाही.

महाराष्ट्रात या छंदाचे सर्वांत मोठे ठाणे पुण्यात आहे. भाऊसाहेब जोशी यांनी आयुष्यभराच्या हौसेतून उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय कोथरूडमध्ये १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. आयात परवान्यांच्या ज्या काळात परदेशी खेळणे सामान्य घरात येणे दुर्घट होते त्या काळापासून त्यांनी हा नाद जोपासला होता. तेथे एका संपूर्ण लघुनगरातून वाफेच्या, डोंगरी आणि अतिवेगवान गाड्या धावतात, आणि सिग्नल, दिवे, फाटके यांचा सारा कारभार एका नियंत्रणस्थानावरून चालतो. ही पद्धत हातातील नियंत्रकाहून निराळी असली तरी तिच्या मुळाशी प्रश्न तोच आहे, आणि मराठी माणसाने तो आपल्या साधनांनी सोडविला, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

आता पुन्हा सौंसरकडे वळतो. नागपूर–छिंदवाडा नॅरोगेजची वाहतूक रुंदीकरणासाठी २०१५ च्या अखेरीस बंद झाली. काही वर्षांनी त्याच दिशेने ब्रॉडगेज गाड्या धावू लागल्या, आणि दळणवळणाच्या दृष्टीने तो लाभच झाला. संत्र्याच्या व कापसाच्या या टापूला रुंद रूळ हवेच होते. जुन्या मार्गाची स्मृती नागपूरच्या मोतीबागेत १४ डिसेंबर २००२ रोजी उघडलेल्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात काही अंशी जतन झाली आहे. पण तेथे इंजिने उभी आहेत. भिमालगोंदी आणि भंडारकुंड यांच्यामधील घाट, कुकडाखापाचा परिसर, स्टेशनांची बैठी घरे यांच्यासह तो मार्ग धावता पाहावयाचा असेल, तर तो आता केवळ लहान प्रमाणावरच पाहता येईल.

आणि या बाबतीत गणित अनपेक्षितपणे अनुकूल आहे. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ प्रमाण मूळ वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढे असते. पांढुर्ण्याच्या ब्रॉडगेजला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात, पण बाजारातील एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा मिळतो. म्हणून आपल्या ब्रॉडगेजची नक्कल करणारास एक तर रूळ हाताने घडवावा लागतो, नाही तर अरुंद रुळावर समाधान मानावे लागते. सौंसरच्या ७६२ ला ८७ ने भागले तर ८.८ मिलिमीटर येतात, आणि ९ मिलिमीटरचा रूळ एन गेज या नावाने सर्वत्र तयार मिळतो. त्याची जुनी इंजिने दिष्ट प्रवाहावर चालतात आणि त्यांनाही पॉवरमास्टरच्याच तत्त्वाने, म्हणजे इंजिनास हात न लावता रुळातील दाब बाहेरून बिनतारी फिरवून, हाकता येते. यंत्राची अडचण आता उरलेली नाही.

उरली आहे ती मापांची. फलाटाची लांबी किती होती, तिकीटघराची खिडकी कोणत्या बाजूस होती, पाण्याची टाकी सांध्यापासून किती पावलांवर होती, डब्यांचा रंग कोणत्या सालापर्यंत कोणता होता, हे ठाऊक असलेली माणसे लोधीखेड्यात, सौंसरला, रामाकोन्यात अजून आहेत. ज्यांनी या मार्गावर नोकरी केली, ज्यांच्या घरात स्टेशनापुढे काढलेले एखादे लग्नाचे छायाचित्र आहे, ज्यांनी शाळेसाठी रोज या गाडीने प्रवास केला, त्यांनी या गोष्टी एका वहीत लिहून काढाव्यात, मापे अंदाजाने का होईना पण आकड्यांत द्यावीत, आणि ती वही गावच्या वाचनालयाच्या दप्तरी दाखल करावी, एवढी विनंती आहे.